डोळ्यातली जाळी कडक झाली, की पेशी वेगळी का वागते?

रत्नागिरीत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. देवगडला राहणाऱ्या तिच्या आजीला काचबिंदू आहे आणि डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्यातलं पाणी बाहेर सोडणारी जाळी कडक झाली आहे. तिनं उन्हाळ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच जाळीच्या मानवी पेशी मऊ जेलवर आणि नेहमीच्या प्लास्टिकच्या बशीत वाढवून पाहिल्या. जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक आलाच नाही. ती विचारते, "ताई, कडकपणा ही नुसती भौतिक गोष्ट. ती जनुकापर्यंत पोचते कशी? आणि पोचत असेल तर मला ती दिसली का नाही?"

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी देते. तुझं मऊ जेल मऊ नव्हतं. तू ३० किलोपास्कलचं (किलोपास्कल हे कडकपणाचं माप) जेल घेतलंस. निरोगी माणसाच्या डोळ्यातली ही जाळी त्याहून कितीतरी मऊ असते, चार-पाच किलोपास्कलच्या आसपास. बशीचं प्लास्टिक जवळजवळ ३ गिगापास्कल, म्हणजे निरोगी जाळीच्या सुमारे सहा-सात लाख पट कडक. तुला वाटलं तू मऊ आणि कडक यांची तुलना करते आहेस. पेशीच्या दृष्टीनं दोन्ही कडकच होतं, कारण एका मर्यादेपुढे कडकपणा वाढला तरी तिला फरक जाणवत नाही. जांभ्यावर चाललीस काय आणि काँक्रीटवर चाललीस काय, पावलाला दोन्ही सारखंच. लावणीच्या चिखलात पाय घातलास की मात्र चालच बदलते.

आता पहिला प्रश्न. मी वीसएक वर्षं डोळ्याच्या पेशी वाढवल्या, आणि हा प्रश्न मला पडला तेव्हा त्याचं उत्तर मला वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, रापण ओढताना बघून नीट उमगलं. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणलेल्या असतात आणि माणसं त्या ओढत असतात. दोरी धरलेल्याला पाण्याखालचं काही दिसत नाही. जाळं मोकळं असेल तर दोरी सरसर येते. जाळं भरलेलं असेल, नाहीतर खडकाला अडकलं असेल, तर दोरी ताठ होते, माणसं वाळूत टाचा रुतवतात आणि मागचे आणखी चौघे धावत येऊन दोरीला लागतात.

पेशी अगदी हेच करते. तिच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात, ते तिचे हात. बाहेरच्या कोलॅजन-फायब्रोनेक्टिनच्या धाग्यांना ते धरतात. आतून अ‍ॅक्टिनच्या दोऱ्या त्यांना जोडलेल्या असतात आणि मायोसिन त्या दोऱ्या सतत ओढत असतं. पेशी स्वस्थ बसलेली दिसते तेव्हाही हे ओढणं चालूच असतं. धागे मऊ असतील तर ते पेशीबरोबर सरकत येतात, दोरीवर ताण राहत नाही. धागे ताठ असतील तर ताण चढतो, आणि इंटिग्रिन व अ‍ॅक्टिन यांच्या मधलं टॅलिन हे प्रथिन अक्षरशः ताणलं जाऊन उलगडतं. उलगडलं की त्याच्या घडीत लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि व्हिन्क्युलिन येऊन तिथे चिकटतं. हेच ते मागून धावत आलेले चौघे. पकड मजबूत होते, रो-ए हे प्रथिन आणि त्याच्या हाताखालचं रॉक हे विकर कामाला लागतं, अ‍ॅक्टिनचे जाडजूड दोर तयार होतात. म्हणजे कडकपणा पेशीला आयता 'कळत' नाही. ती ओढते, आणि ओढण्याला मिळालेल्या विरोधावरून ती तो मोजते.

या दोरांचं दुसरं टोक केंद्रकाला बांधलेलं असतं. केंद्रकाच्या आवरणातल्या नेस्प्रिन आणि सन या प्रथिनांमधून ताण आतल्या लॅमिन या प्रथिनाच्या अस्तरापर्यंत जातो. केंद्रक चपटं होतं, त्याच्या आवरणावरची छिद्रं ताणली जातात, आणि पेशीद्रवात थांबलेलं यॅप हे प्रथिन आत शिरायला वाट सोपी होते. यॅप आणि त्याचा भाऊबंद टॅझ हे कडकपणाचे निरोपे आहेत, हे इटलीतल्या पादुआच्या गटानं २०११ साली दाखवलं. मऊ पृष्ठभागावर ते केंद्रकाबाहेर राहतात, कडक पृष्ठभागावर आत जातात. आत गेले की ते डीएनएला स्वतः धरत नाहीत, टीड नावाच्या प्रथिनाचा हात धरून जनुकं चालू करतात. त्यात सीटीजीएफ आणि सिर-६१ ठळक, आणि दोन्हींचा संबंध धागे वाढवण्याशी, व्रण धरण्याशी. दुसरी वाट एमआरटीएफ या प्रथिनाची. सुट्या अ‍ॅक्टिनचे कण त्याला एरवी धरून ठेवतात. सगळं अ‍ॅक्टिन दोर वळण्यात खर्ची पडलं की ते मोकळं होतं, केंद्रकात जातं आणि अल्फा-स्मूथ-मसल-अ‍ॅक्टिनचं जनुक जोरात चालू करतं. अशी पेशी मग आणखी जोरानं ओढते.

इथे मला वाटतं तुझ्या आजीच्या डोळ्याची खरी गोष्ट सुरू होते. डोळ्याच्या पुढच्या भागात दर मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच बाहेर जावं लागतं. त्यातलं बहुतेक या जाळीतून श्लेमच्या नलिकेत आणि पुढे शिरांमध्ये जातं. पाणी अडलं की दाब चढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा दाब सर्वसामान्य धरतात. चढलेला दाब वर्षानुवर्षं राहिला की मागची दृष्टीची नस मरत जाते.

निरोगी जाळीतली पेशी दाबाकडे दुर्लक्ष करत नाही. दाब वाढून जाळी ताणली गेली की ती मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरं सोडते, ती जुने धागे कापतात, नवे बसवले जातात आणि पाण्याची वाट पुन्हा मोकळी होते. पावसाळ्याआधी व्हाळातला गाळ, पाला, अडकलेली लाकडं काढतात तसं. बहुतेक माणसांचा नेत्रदाब आयुष्यभर फारसा ढळत नाही, तो याच मूक डागडुजीमुळे. तेव्हा यांत्रिक खुणेवरून जनुक चालू होणं हा मुळात दोष नाहीच. तीच या ऊतीची राखणदारी आहे.

बिघडतं ते पुढे. वयानं, टीजीएफ-बीटा या पेशींना निरोप देणाऱ्या प्रथिनाच्या जादा प्रमाणानं किंवा आणखी कशानं जाळी थोडी कडक झाली, की पेशी तो कडकपणा ओढून मोजते, यॅप-टॅझ आत जातात, सीटीजीएफ वाढतं, फायब्रोनेक्टिन वाढतं, आणि ट्रान्सग्लुटामिनेज-२ व लायसिल ऑक्सिडेज ही विकरं धाग्याला धागा टाचत जातात. टाचलेली जाळी आणखी कडक, तिच्यावरची पेशी आणखी ताणलेली. पेशी कडकपणा वाचते आणि मग स्वतःच तो लिहिते. बाहेरून टीजीएफ-बीटाचा पहिला धक्का थांबला तरी हे चक्र आपल्या बळावर चालू राहू शकतं. या विषयातलं एकच वाक्य तुझ्या लक्षात राहणार असेल तर ते हे राहावं असं मला वाटतं.

पुरावा किती पक्का? २०११ साली मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांतली जाळी अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकानं दाबून मोजली. निरोगी डोळ्यांत सरासरी ४ किलोपास्कल आणि काचबिंदूच्या डोळ्यांत सुमारे ८०, म्हणजे वीस पट. या आकड्यानं आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली, आणि आजही प्रयोगातले 'निरोगी' व 'रोगी' जेल साधारण याच आकड्यांवर बेततात. मात्र तो आकडा जपून वापर. पुढे वेगळ्या पद्धतींनी केलेल्या मोजण्यांत फरक याहून बराच लहान आला. टोक कुठे टेकतं, किती खोल दाबतं, यावर उत्तर बदलतं. शिवाय एकाच डोळ्याच्या जाळीत पाणी भरपूर वाहणारे पट्टे आणि जवळजवळ न वाहणारे पट्टे शेजारी शेजारी असतात, आणि कमी वाहणारे जास्त कडक असतात. दान केलेल्या काचबिंदूच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं औषधंही पडलेली असतात. म्हणून 'वीस पट' हे घोकून ठेवू नकोस. दिशा मात्र खरी आहे. २०१४ साली श्लेमच्या नलिकेच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर झालेल्या कामातही हीच दिशा दिसली. काचबिंदूच्या डोळ्यांतल्या त्या पेशी स्वतःच जास्त ताठ होत्या, त्यांच्यात पाणी जाण्याची छिद्रं कमी पडत होती, आणि कडक जेलवर त्या आणखी ताठरत होत्या.

स्टेरॉइडच्या थेंबांबद्दल इथे थांबून सांगते, कारण आपल्या किनाऱ्यावर ही रोजची गोष्ट आहे. माझ्या नात्यातला एक खलाशी ऊन, खारं वारं आणि पाण्याच्या लखलखाटानं लाल होणाऱ्या डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून थेंब आणायचा. एकदा कधीतरी कुणी लिहून दिलेले, पुढे चिठ्ठीशिवाय मिळत गेलेले. "ह्येच घालतंय, बरां वाटतां," म्हणायचा. बरं वाटायचंच. त्यात डेक्सामेथासोन होतं. दोन वर्षांनी बंदरात पायरी चुकू लागली तेव्हा तपासलं, तर एका डोळ्याची बाजूची नजर बरीच गेलेली होती. गेलेली नजर परत येत नाही.

लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश माणसांचा नेत्रदाब स्टेरॉइडच्या थेंबांनी कमी-अधिक वाढतो, आणि ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण फार मोठं आहे. लहान मुलंही यातून सुटत नाहीत. आतमध्ये जे होतं ते आपल्याच विषयातलं आहे. स्टेरॉइड पेशीत शिरून जनुकांची एक फळी चालू करतं, मायोसिलिनचं जनुक त्यात सर्वांत ओळखीचं. पेशीतले अ‍ॅक्टिनचे दोर एकमेकांत गुंतून जाळ्या होतात, पेशी स्वतः ताठ होते आणि ती जे धागे बाहेर सोडते तेही ताठ असतात. २०१५ साली सशांच्या डोळ्यांत तीन आठवडे डेक्सामेथासोन घालून पाहिलं तेव्हा त्यांची जाळी काही पटींनी कडक झालेली मिळाली. आजीच्या कपाटात कुठलीही जुनी थेंबांची बाटली असेल तर ती घेऊन तिच्या नेत्रतज्ज्ञांना दाखव.

हे चक्र तोडणारं औषध आहे का? एक वाट आहे. वर रॉक नावाचं विकर आलं, दोर वळायला लावणारं. ते अडवणारे थेंब आता वापरात आहेत. जपानमध्ये २०१४ साली रिपासुडिल आणि अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस नेटारसुडिल मान्य झालं. पेशीची ओढ ढिली पडते, जाळी सैलावते, पाणी सरळ तिच्याच वाटेनं जाऊ लागतं. काचबिंदूची बरीच जुनी औषधं पाणी कमी तयार करतात किंवा दुसऱ्या वाटेनं काढतात. हे औषध बिघडलेल्या जागीच काम करतं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. डोळे लाल होणं हा त्याचा सर्रास दिसणारा त्रास आहे. आजीला ते योग्य की नाही, हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता तुझा प्रयोग. तू पाठवलेल्या नोंदी मी दोनदा वाचल्या. जेलचा आकडा हा पहिला दोष. ३० हा आकडा तुझ्या तक्त्यात आला कुठून हेही बघ, कारण कडकपणाची मापं दोन: काही तक्ते रिओमीटरवर जेल पिळून काढलेला 'जी' देतात आणि काही दाबून काढलेला 'ई'. अशा जेलसाठी ई हा जी च्या साधारण तिप्पट असतो. एका तक्त्यातलं प्रमाण आणि दुसऱ्यातला आकडा जोडलास तर १० आणि ३० मध्ये घोळ होणारच. पुढच्या वेळी ५ आणि ७५ किलोपास्कल अशी दोन जेल कर, आणि प्लास्टिक हे तिसरं, नुसतं सोबतीला.

दुसरा दोष मला जास्त खुपला. तू सगळे आकडे बीटा-अ‍ॅक्टिनशी, ते न बदलणारं संदर्भ-जनुक धरून, ताडून काढलेस. नेहमीच्या कामात ते चालतं, इथे नाही. कडकपणाला पेशी जे पहिलं उत्तर देते ते अ‍ॅक्टिनमध्येच. समज, कडक जेलवर सीटीजीएफ दुप्पट झालं आणि अ‍ॅक्टिनही दुप्पट झालं, तर भागाकार केल्यावर हातात एकच उरतो आणि तू लिहितेस 'फरक नाही'. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या होडीवर खूण करून पाण्याची पातळी मोजण्यासारखं आहे हे. संदर्भासाठी दोन-तीन वेगळी जनुकं घे आणि ती तुझ्या जेलवर खरोखर स्थिर राहतात का, हे आधी पाहा.

पेशी नवव्या पिढीच्या, म्हणजे बशीतून बशीत नऊ वेळा हलवून वाढवलेल्या होत्या, असं तू लिहिलं आहेस. पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल, बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दात्याच्या डोळ्याची जी कडेची रिंग उरते तिच्यातून जाळीच्या पेशी काढता येतात, पण प्लास्टिकवर त्या फार काळ आपलं मूळ रूप टिकवत नाहीत. पाचव्या-सहाव्या पिढीच्या आत काम उरक. त्या जाळीच्याच पेशी आहेत याची खात्री म्हणून आठवडाभर डेक्सामेथासोन देऊन मायोसिलिन वाढतं का पाहा. २०१८ मध्ये या क्षेत्रातल्या मंडळींनी एकत्र बसून हीच कसोटी ठरवली. पिढ्यांचा मुद्दा नुसत्या वयाचा नाही. २०१४ साली अस्थिमज्जेतल्या मूळपेशींवर दिसलं, की थोडा काळ कडक बशीत राहिलेल्या पेशींचं यॅप मऊ जेलवर आणल्यावर केंद्रकातून बाहेर येतं, पण दहा दिवस राहिलेल्यांचं आतच अडकून बसतं. पेशीला जुन्या जमिनीची आठवण राहते. जाळीच्या पेशींनाही ती राहत असणार, असं मी धरून चालते आणि प्रयोगाआधीचा प्लास्टिकवरचा मुक्काम शक्य तितका कमी ठेवते.

बशी किती भरली होती, हेही नोंदीत नाही. पेशी एकमेकींना खेटल्या की यॅप केंद्रकाबाहेर जातं, खालची जमीन कशीही असो. दोन्ही जेलवर पेशी सारख्याच आणि विरळ ठेव. आणि जेल पुरेसं जाड ओत. फार पातळ थरावर पेशीला खालची काच लागते, गादीखालची फळी पाठीला लागावी तशी. मी १०० मायक्रॉनच्या खाली जात नाही.

एक गोष्ट पुस्तकात सापडणार नाही, ती आपल्याकडच्या पावसानं मला शिकवली. एका जुलैत माझी सगळी जेल ठरल्यापेक्षा मऊ निघाली आणि पेशी त्यांच्यावर घोळक्यानं, बेटाबेटांनी चिकटल्या. आठवडाभर मी पेशींना दोष देत होते. शेवटी जेल जमवणाऱ्या अमोनियम परसल्फेटची बाटली उपडी केली तर पांढरी भुकटी खाली पडेचना, गुळासारखा गोळा झालेला. हवेतलं पाणी ओढून तिचा जोर गेला होता, म्हणून जेल पुरतं जमत नव्हतं. जेलवर कोलॅजन चिकटवायला जे सल्फो-सॅनपाह वापरतो तेही ओलाव्यानं निकामी होतं, म्हणून कोलॅजन ठिपक्याठिपक्यांनीच बसलं होतं. तेव्हापासून शीतपेटीतून काढलेली बाटली हवेच्या तापमानाला येईपर्यंत मी उघडत नाही, लहान लहान वाटण्या करून कोरड्या डब्यात ठेवते, आणि दर खेपेच्या एका जेलचा कडकपणा मोजल्याशिवाय पेशी टाकत नाही. रत्नागिरीत हे केलंस तर जून ते सप्टेंबर दुप्पट काळजी घे.

तुला कधी पारपटलाकडे वळावंसं वाटलं तर हाच धागा तिथेही आहे. पारपटलाची कड मधल्या भागापेक्षा मऊ असते आणि तिच्या मूळपेशी त्या मऊपणातच मूळपेशी राहतात. कडकपणा वाढला की यॅप केंद्रकात जातं आणि त्या पक्व होऊन संपत जातात. २०१९ साली न्यूकॅसलच्या गटानं कोलॅजेनेज लावून ऊती मऊ केली आणि हे गुण टिकतात असं दाखवलं. चुन्यानं भाजलेल्या डोळ्यांसाठी यातून काही निघावं अशी मला फार इच्छा आहे. आपल्याकडे घरोघरी पानाच्या डब्यात चुन्याची पुडी असते, मूल ती दाबतं आणि ती फुटून चुना थेट डोळ्यात जातो. असं झालं तर कुणाची वाट न बघता नळाखाली किंवा तांब्यानं स्वच्छ पाणी किमान अर्धा तास सोडायचं, पापणी उलटून कण काढायचे आणि मग धावायचं.

नवी जेल ओतलीस की लगेच आरएनए काढू नकोस. आधी दोन जेलवरच्या पेशींमध्ये यॅप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघ. ५ वर ते पेशीभर पसरलेलं आणि ७५ वर केंद्रकात उजळलेलं दिसलं, तरच पुढे जा. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर जेल, लेप किंवा दाटी यांतलं काहीतरी अजून चुकतंय आणि आरएनएवर पैसे घालण्यात अर्थ नाही. चित्रं मला पाठव, मी बघते. आणि तुझ्या आईचा नि मामांचा नेत्रदाब या महिन्यात तपासून घे. काचबिंदू असलेल्याच्या मुलाबाळांना आणि भावंडांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि सुरुवातीला काही दुखत नाही.